रिव्हर्सचा दांडा

अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींत सगळ्यात जोरकस गाड्यांच्या वर्गाला ‘टॉप फ्युएल’ म्हणतात. १००० फुटांची सरळ पट्टी, शेजारी शेजारी उभ्या दोन गाड्या. दिवा हिरवा झाला की सुटायचं आणि पावणेचार सेकंदांच्या आसपास सगळं संपतं. तोवर गाडीने ताशी ५०० किलोमीटरचा वेग मागे टाकलेला असतो. इंजिन ५०० घनइंचांचं, म्हणजे ८.२ लिटरचं. इंधनात ९० टक्के नायट्रोमिथेन, ताकद ११,००० अश्वशक्तीच्या घरात. अशा गाडीचं मागे जाण्याशी काय काम, असं कुणालाही वाटेल. पण प्रत्येक शर्यतीआधी ही गाडी मागे येते. ती नीट मागे आली नाही, तर पुढे धावायची वेळच येत नाही.

याचं मूळ टायरमध्ये आहे. मागची टायरं रुंद, गुळगुळीत आणि बिननक्षीची असतात आणि थंड असताना त्यांना पकड नसते. म्हणून सुरुवातीच्या रेषेमागे जमिनीवर थोडं पाणी टाकतात, गाडी त्यात उभी करतात आणि चालक मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरवतो. पांढऱ्या धुराचा डोंगर उठतो, रबर तापून चिकट होतं आणि गाडी त्या धुरातूनच रेषा ओलांडून बरीच पुढे निघून जाते. याला ‘बर्नआउट’ म्हणतात. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, पण हा देखावा नाही, कामाचा भाग आहे. पट्टीवर आता ताज्या रबराचे दोन काळे पट्टे उमटलेले असतात. चालकाला परत रेषेमागे यायचं असतं आणि तेही शक्यतो त्याच दोन पट्ट्यांवरून, म्हणजे सुटताना चाकांखाली आपलंच रबर येतं.

गाडीच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर ३०० इंच, म्हणजे साडेसात मीटरहून जास्त. ती पट्टीवर वळवून आणणं शक्य नाही. शिवाय इंजिनाला रेडिएटर नाही, त्याच्या ब्लॉकमध्ये पाणी खेळवायला वाटाच ठेवलेल्या नाहीत. ते चालू झाल्यापासून तापतच जातं, म्हणून बर्नआउट, मागे येणं, रेषेवर लागणं आणि सुटणं हे सगळं लगोलग उरकावं लागतं. मध्येच रिव्हर्स अडला तर इंजिन बंद करण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि शेजारची गाडी एकटीच धावून पुढच्या फेरीत जाते. महिनोन्‌महिन्यांची तयारी एका न लागलेल्या रिव्हर्समुळे वाया गेल्याचे प्रसंग या खेळात नवे नाहीत.

मागे येताना चालक जवळजवळ आंधळा असतो. डोक्यावर हेल्मेट, मानेला आधार, अंगाभोवती पट्टे, मागे पाहायला मान वळतच नाही. म्हणून गाडीसमोर एक माणूस उभा राहतो आणि रबराच्या पट्ट्यांवर नजर ठेवून हातांच्या खुणांनी तिला डावी-उजवीकडे करत मागे नेतो. सत्तरच्या दशकात हे काम करणारी एक तरुणी चालकांइतकीच प्रसिद्ध झाली. तिचं नाव पॅम हार्डी. १९७२ च्या सुमारास ती ‘जंगल जिम’ लिबरमन या चालकाच्या चमूत आली आणि ‘जंगल पॅम’ म्हणून ओळखली जाऊ लागली. लोक तिला बघायला गर्दी करत, छायाचित्रकार तिच्या मागे असत. पण धुरातून बाहेर आलेली गाडी नेमक्या ओळीवर मागे आणून उभी करणं हे तिचं खरं काम होतं. १९७५ मध्ये लिबरमनने न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनची ‘समरनॅशनल्स’ जिंकली. राष्ट्रीय पातळीवरचं त्याचं ते एकमेव विजेतेपद. बक्षीस चालकाच्या नावावर लागतं, पण त्या काळची छायाचित्रं पाहिली की मागे येण्याचं कामही किती मनापासून केलं जाई ते कळतं.

त्याआधीच्या पिढीत रिव्हर्स नावाची गोष्टच अनेक गाड्यांत नव्हती. पन्नास-साठच्या दशकांतले ड्रॅगस्टर म्हणजे नळ्यांचा सांगाडा, इंजिन, क्लच आणि मागचा आस. मध्ये गिअरबॉक्स नाही. दुसऱ्या गाडीने मागून ढकलून इंजिन चालू करायचं, रेषेवर यायचं आणि सुटायचं. मागे जायची वेळ आलीच तर चार माणसांनी हाताने ढकलायचं. बर्नआउटची पद्धत रुळली तेव्हा हे जमेना. चालत्या इंजिनाच्या, तापलेल्या, जळजळीत धूर ओकणाऱ्या गाडीला हात लावून मागे रेटणं धोक्याचं होतं आणि त्यात वेळही जाई. मग क्लच आणि मागचा आस यांच्यामध्ये एक छोटासा वेगळा डबा बसवायला सुरुवात झाली. त्याचं नाव ‘रिव्हर्सर’.

रिव्हर्सरच्या पोटात ग्रहमालेसारखी रचना असते. मधोमध एक गिअर, त्याच्याभोवती फिरणारे छोटे गिअर, ते छोटे गिअर धरून ठेवणारा सांगाडा आणि या सगळ्यांना वेढणारं दातेरी कडं. सगळे भाग एकमेकांत अडकवून टाकले तर पूर्ण संच एकसंध फिरतो आणि इंजिनाची ताकद जशीच्या तशी मागे जाते. शर्यत याच अवस्थेत धावायची असते. छोट्या गिअरांचा सांगाडा डब्याला धरून अचल केला, तर मधला गिअर एका दिशेने आणि बाहेरचं कडं उलट दिशेने फिरू लागतं. ही झाली रिव्हर्सची अवस्था. एका अवस्थेतून दुसरीत जाण्यासाठी आत एक दातेरी कॉलर थोडीशी सरकवावी लागते. चालकाच्या हातातला दांडा शेवटी या कॉलरलाच ओढत असतो.

आपल्याकडच्या तीनचाकी रिक्षात हँडलवरच्या गिअरखेरीज रिव्हर्सचा दांडा वेगळा असतो. रिक्षा थांबवायची, दांडा ओढायचा आणि मग मागे जायचं. ड्रॅगस्टरचा रिव्हर्सर साधारण त्याच विचाराने चालतो, फक्त त्याच्यातून जाणारी ताकद कितीतरी पटींनी मोठी असते.

ग्रहमालेच्या गिअरांची कल्पना जवळजवळ मोटारीइतकीच जुनी आहे. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून जास्त खपलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत ग्रहमालेचेच गिअर होते आणि रिव्हर्स पायाने लागे. जमिनीवर तीन पेडल: डावीकडे क्लच, मधे रिव्हर्स, उजवीकडे ब्रेक. ब्रेक दमला की चालक बेलाशक मधलं पेडल दाबून गाडीचा वेग कमी करत, कारण त्या रचनेत रिव्हर्सचा पट्टा हळूहळू आवळता येई. चढण तीव्र असली तर गाडी उलटी करून रिव्हर्समध्येच डोंगर चढत. रिव्हर्सचं गुणोत्तर जास्त जोर देणारं होतं आणि पेट्रोलची टाकी कार्ब्युरेटरच्या वर राहून इंधन नुसत्या उतारानेच इंजिनापर्यंत पोचे. ड्रॅगस्टरमध्ये असली मुभा नाही. तिथे दात दातांत बसतात. गाडी पुढे सरकत असताना कॉलर रिव्हर्सकडे ढकलली तर दात मोडतात, तुकडे उडतात.

तुकडे उडणं म्हणजे काय, हे ड्रॅगस्टरचालक डॉन गार्लिट्सच्या बाबतीत १९७० मध्ये सगळ्या जगाने पाहिलं. त्या काळचे ड्रॅगस्टर ‘स्लिंगशॉट’ घडणीचे होते: इंजिन पुढे आणि चालक अगदी मागे, क्लच आणि गिअरच्या डब्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलेला. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर गार्लिट्सच्या गाडीतला दोन गतींचा गिअरबॉक्स सुटतानाच फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि गार्लिट्सच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. रुग्णालयाच्या खाटेवर त्याने इंजिन चालकाच्या मागे ठेवलेल्या गाडीचा विचार पक्का केला. ‘स्वॅम्प रॅट १४’ ही ती गाडी १९७१ मध्ये उतरली आणि पोमोनाची ‘विंटरनॅशनल्स’ जिंकून गेली. काही वर्षांतच पुढे इंजिन असलेले ड्रॅगस्टर टॉप फ्युएलमधून नाहीसे झाले.

दांडा बनवणाऱ्याच्या दृष्टीने या बदलाचा एक परिणाम फार महत्त्वाचा आहे. जुन्या घडणीत गिअरचा डबा चालकाच्या पायांमधेच असे आणि हातभर दांडा थेट त्याला जोडता येई. गार्लिट्सच्या घडणीत चालक पुढे गेला आणि इंजिन, क्लच, रिव्हर्सर सगळं त्याच्या पाठीमागे गेलं. आता हाताची हालचाल इंजिनाला वळसा घालून, तापलेल्या एक्झॉस्टच्या नळ्यांजवळून मागे न्यायची. ‘फनी कार’ या वर्गात इंजिन आजही पुढेच आहे आणि चालक मागच्या आसाजवळ बसतो, त्यामुळे तिथे दांडा आखूड असतो. दोन गाड्या एकाच पट्टीवर एकाच इंधनावर धावतात, पण रिव्हर्सच्या दांड्याची अडचण दोघींची अगदी वेगळी आहे. एकीचा नमुना दुसरीत तसाच उचलून बसवणाऱ्याचा घोटाळा होतो तो इथे.

दांड्याकडून दोन गोष्टी हव्या असतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. हवा तेव्हा तो हाताला चटकन सापडला पाहिजे, आणि नको तेव्हा तो तसूभरही हलता कामा नये.

आधी हाताचं पाहू. रोजच्या मोटारीत माणूस सीटवर सैल बसतो, पुढे वाकतो, कडेला झुकतो. शर्यतीच्या गाडीत खांदे पाठीला पट्ट्यांनी जखडलेले असतात. उघड्या ड्रॅगस्टरमध्ये दोन्ही हातांनाही पट्टे असतात. गाडी उलटली तर हात सांगाड्याबाहेर जाऊन चिरडू नयेत, यासाठी ते नेमक्या लांबीचे बांधलेले असतात. वर आगीपासून वाचवणारा जाड अंगरखा, बोटांची जाणीव बोथट करणारे जाड हातमोजे. कार्यशाळेत साध्या कपड्यांत बसून जो दांडा सहज हाताला लागतो, तोच सगळा जामानिमा चढवल्यावर चार बोटं लांब राहतो. हाताच्या पट्ट्याची लांबी वाढवून ही अडचण सोडवणं हा उपाय नाही. तसं केलं तर पट्टा ज्यासाठी आहे तेच काम तो करू शकत नाही. हलवायचा असतो तो दांडा.

म्हणून चांगले कारागीर चालकाला पूर्ण पोशाखात, हेल्मेटसकट, पट्टे आवळून आधी बसवतात आणि नंतर दांड्याची जागा ठरवतात. खांदा न हलवता, कोपर किंचित वाकलेलं असताना जिथे हात पोचतो, तिथपर्यंतच दांड्याचा पूर्ण प्रवास मावला पाहिजे. जवळच्या टोकाला हात पोचतो एवढ्यावर समाधान मानलं, तर दांडा लांबच्या टोकाला गेल्यावर परत आणता येत नाही. गाडी रिव्हर्समध्ये अडकलेली, समोरचा माणूस पुढे ये म्हणून खुणावतोय आणि चालकाची बोटं हवेत, हा प्रसंग टाळायचा तर मोजमाप दोन्ही टोकांचं हवं.

इथे तरफेचा हिशेब येतो. समजा, दांड्याचा खुंट्यावरचा भाग ३० सेंटिमीटर आहे आणि खालचा ५. म्हणजे हाताच्या जोराच्या सहापट जोर खाली मिळतो. १० किलोच्या ओढीला ६० किलो. पण रिव्हर्सरमधली कॉलर २ सेंटिमीटर सरकवायची तर हाताला १२ सेंटिमीटर प्रवास करावा लागतो. जोर वाढवायला दांडा लांब करावा, तर प्रवास वाढतो आणि बांधलेल्या हाताच्या टप्प्याबाहेर जातो. प्रवास कमी करावा, तर दांडा जड होतो आणि घाईत अर्धवटच ओढला जातो. या दोहोंमधली जागा गाडीगणिक आणि माणसागणिक वेगळी निघते. कोणत्याही तयार आराखड्यात ती मिळत नाही.

आता नको तेव्हा न हलण्याचं. गाडी सुटते तेव्हा चालकाच्या अंगावर गुरुत्वाकर्षणाच्या चौपटीहून जास्त भार मागच्या दिशेने येतो. दांड्यालाही तो चुकत नाही. पाव किलोची शोभिवंत धातूची मूठ त्या क्षणी किलोभर वजनाने मागे ओढत असते. शेवटी थांबण्यासाठी पॅराशूट उघडली की तोच भार उलटा, पुढच्या दिशेने येतो. म्हणजे दांडा कोणत्याही बाजूला कललेला ठेवला तरी शर्यतीत एकदा तरी त्याला चुकीच्या दिशेने ओढ बसणारच. घर्षणाच्या किंवा नुसत्या स्प्रिंगच्या भरवशावर त्याला सोडता येत नाही, खीळ लागते. मूठ हलकी ठेवायची हेही त्यातूनच येतं. सगळ्यात साधा आणि खात्रीचा प्रकार म्हणजे स्प्रिंगने दाबलेली पोलादी खीळ. दांडा पुढच्या गिअरच्या जागी आला की ती आपोआप भोकात पडते आणि मुठीखालचा चाप ओढल्याशिवाय बाहेर निघत नाही. चाप आणि दांडा दोन्ही एकाच हाताने, एकाच पकडीत चालले पाहिजेत. दुसरा हात स्टिअरिंगसाठी मोकळा असावा लागतो.

भारतातल्या रस्त्यांवरही असली कुलपं रोज वापरात आहेत. काही गाड्यांत मुठीखालचं कडं बोटांनी वर उचलल्याशिवाय रिव्हर्स पडत नाही, फोक्सवॅगनच्या पोलोत दांडा आधी खाली दाबावा लागतो. अमेरिकेतल्या शेव्हरले कॉर्व्हेटच्या चार गतींच्या दांड्यावर १९५९ पासूनच मुठीखाली बोटांनी उचलायची टी आकाराची खिट्टी होती. ड्रॅग शर्यतींचं नियमन करणारी, १९५१ मध्ये वॉली पार्क्सने स्थापन केलेली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, हीदेखील ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर बाहेरून बसवलेल्या दांड्याला स्प्रिंगचं रिव्हर्स-कुलूप सक्तीचं करते. गाडी गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरू नये यासाठीचा न्यूट्रलचा स्विचही चालू स्थितीत असावा लागतो.

कुलपाइतकाच महत्त्वाचा असतो क्रम. जनरल मोटर्सने १९५० मध्ये शेव्हरलेसाठी आणलेल्या पॉवरग्लाइड या दोन गतींच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा सुरुवातीचा क्रम पार्क, न्यूट्रल, ड्राइव्ह, लो, रिव्हर्स असा होता. लो आणि रिव्हर्स शेजारी शेजारी असल्याने बर्फात किंवा चिखलात रुतलेली गाडी पुढे-मागे झुलवून काढणं सोपं जाई. पण उतारावर लो घ्यायला गेलेला हात थोडा पुढे सरकला की गाडी रिव्हर्समध्ये. राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात गाड्यांच्या घातक रचनांवर कोरडे ओढले, त्यात गिअरच्या या क्रमाचाही समावेश होता. पुढे १ जानेवारी १९६८ पासून लागू झालेल्या अमेरिकी सुरक्षा मानकात स्पष्ट अट आली: पुढे जाण्याच्या आणि मागे जाण्याच्या जागांच्या मधे न्यूट्रल असलाच पाहिजे. आज जगभरच्या ऑटोमॅटिक गाड्यांत पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह हा क्रम दिसतो.

पॉवरग्लाइडचं उत्पादन १९७३ मध्ये थांबलं, पण ड्रॅग शर्यतींत तो आजही सर्रास वापरला जातो. साधा, हलका, दणकट आणि दोनच गती. हौशी शर्यतपटूंच्या गाड्यांत रिव्हर्सचा प्रश्न बहुधा याच डब्याच्या संदर्भात येतो. तिथे वरच्या गतीत जाताना दांडा न्यूट्रलच्या, म्हणजेच रिव्हर्सच्या दिशेने ढकलावा लागणं हा नेहमीच्या क्रमातला धोका आहे. उत्साहात एक घर पुढे गेलं तर इंजिनावरचा भार एकदम नाहीसा होतो आणि ते क्षणात झेपेल त्याहून जास्त फिरून फुटू शकतं. म्हणून शर्यतपटू गिअरबॉक्सच्या आतला व्हॉल्व्ह-बॉडी बदलून क्रम उलटा करून घेतात: न्यूट्रलच्या शेजारी पहिली गती आणि त्यापलीकडे वरची. आता वर जायला दांडा मागे, आपल्याकडे ओढायचा. सुटताना हात मागेच फेकला जात असतो, त्यामुळे शरीराची आणि दांड्याची दिशा एक होते आणि रिव्हर्स पाठीमागे नव्हे, तर समोरच्या बाजूला, न्यूट्रलच्या पलीकडे राहतो.

याच डब्यात रिव्हर्स आणखी एक अद्‌भुत काम करतो. ‘ट्रान्सब्रेक’ नावाची सोय अशी की स्टिअरिंगवरचं बटन दाबून धरलं की पहिली गती आणि रिव्हर्स एकाच वेळी लागतात. दोन विरुद्ध आज्ञा मिळाल्याने ग्रहमाला जागीच जखडते. इंजिन गर्जत राहतं आणि गाडी ब्रेकशिवाय खिळल्यासारखी उभी राहते. दिव्यांच्या खांबावर इशारा होताच बटन सोडायचं. रिव्हर्स निसटतो, पहिली गती उरते आणि गाडी सुटते. १९६३ पासून वापरात आलेल्या त्या दिव्यांच्या खांबाला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात, हे खेळाच्या चाहत्यांना ठाऊक असतं. सुटण्याआधी गाडीला धरून ठेवणारी शक्ती बऱ्याचदा रिव्हर्सची असते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

मुठीचा आकार हा सजावटीचा विषय समजला जातो, तो तसा नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलाचे बी-१७ वैमानिक सुखरूप उतरल्यानंतर धावपट्टीवर फ्लॅप आत घेण्याऐवजी चाकं आत घेत आणि विमान पोटावर बसे. अल्फोन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने पाहिलं, तर दोन्ही खटके शेजारी शेजारी आणि अगदी सारखे होते. त्याने चाकांच्या खटक्यावर छोटं रबरी चाक आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा बसवला. हाताला फरक कळू लागला आणि चूक थांबली. युद्धानंतर पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या ४६० ‘चुका’ तपासल्या, तेव्हा एका दांड्याऐवजी दुसरा ओढला जाणं हा त्यांतला मोठा गट निघाला. विमानांच्या मुठींना आजही वेगवेगळे आकार असतात ते यामुळेच.

ड्रॅगस्टरच्या छोट्याशा कॉकपिटमध्ये ब्रेकचा दांडा, पॅराशूटचे दांडे, इंधन बंद करायचा दांडा आणि रिव्हर्सचा दांडा एवढी मंडळी असतात. सगळ्यांना एकाच दुकानातली सारखी गोल मूठ लावणं दिसायला नेटकं, पण हाताला फसवणारं. जाड हातमोज्यातूनही वेगळा कळेल असा आकार रिव्हर्सला हवा आणि तो ब्रेकच्या दांड्यापासून दूर हवा, कारण घाबरलेला हात सगळ्यात आधी ब्रेककडे जातो.

बाकीचं काम कार्यशाळेतलं. दांड्यापासून रिव्हर्सरपर्यंतची हालचाल न्यायला सरळ रॉड मिळाला तर उत्तम. इंजिनाला वळसा घालावा लागला तर ढकल-ओढ करणारी जाड केबल लागते. केबलचं बाहेरचं आवरण दोन्ही टोकांना घट्ट जखडलेलं नसेल किंवा ते धरणारा पत्रा लवत असेल, तर हाताला दांडा पूर्ण गेल्यासारखा वाटतो आणि आत कॉलर पाऊण वाटेत थांबलेली असते. अर्धवट बसलेल्या दातांवर हजारो अश्वशक्ती पडली की काय होईल, ते सांगायला नको. म्हणून दांड्याची खाच गरजेपेक्षा किंचित लांब ठेवतात, म्हणजे प्रवास कुठे संपला ते रिव्हर्सरमधली खाच ठरवते आणि दांड्याचा पत्रा मध्येच आडवा येत नाही. खिळीचं भोक सगळ्यात शेवटी, कॉलर पूर्ण बसल्याची खात्री करून मगच पाडायचं.

खुंट्याचा बोल्ट एका पट्टीतून लोंबकळता ठेवायचा नाही, दोन्ही बाजूंनी पट्टी हवी. चेसिसच्या नळीला भोक पाडून काहीही बसवायचं नाही. त्या पातळ पोलादी नळ्यांवर चालकाचा जीव अवलंबून असतो आणि भोकाच्या कडेपासून तडा सुरू होतो. बैठक वेल्ड करून घ्यायची किंवा क्लॅम्पने धरायची. नायलॉनची कडी असलेले नट साधारण १२० अंश सेल्सिअसपुढे भरवशाचे राहत नाहीत, तेव्हा एक्झॉस्टजवळ पूर्ण धातूचे लॉकनट किंवा कॉटर पिनचे नट वापरायचे. केबलही तिथून लांब, मोठ्या वळणाने न्यायची. काम झाल्यावर गाडी भक्कम घोड्यांवर चढवून, मागची चाकं अधांतरी ठेवून, पुढे-मागे कुणालाही उभं न करता पहिली चाचणी घ्यायची. इंजिन थंड असताना एकदा आणि चांगलं तापल्यावर पुन्हा, कारण गरम झालेल्या केबलची आणि पत्र्याची वागणूक बदलते.

महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. तिथे धावणाऱ्या बहुतेक गाड्या रस्त्यावरच्याच, ताकद वाढवलेल्या. त्यांचा रिव्हर्स कारखान्याने दिलेला असतो, त्याचं कुलूपही. पण अशा गाडीत शर्यतीची सीट आणि खांद्याचे पट्टे बसवले की माणूस आधीपेक्षा खाली आणि मागे जातो. कारखान्याने सैल बसलेल्या माणसासाठी ठेवलेला दांडा आता त्याच्या हाताला पोचतो का, हे तपासणं तिथल्या हौशी शर्यतपटूलाही चुकत नाही. आखूड दांड्याचे, ‘शॉर्ट शिफ्टर’ म्हणून विकले जाणारे संच बसवताना मूळचं रिव्हर्सचं कडं काढून टाकलं जात असेल, तर ते काम नाकारावं.

एनएचआरएचा परवाना मिळवताना नव्या चालकाची एक परीक्षा धावपट्टीवर जाण्याआधीच होते. पूर्ण पोशाखात, पट्टे आवळून त्याला गाडीत बसवतात आणि डोळ्यांवर पट्टी बांधतात. परीक्षक एकेका साधनाचं नाव घेतो: इंधन बंद, पॅराशूट, ब्रेक, आग विझवायची कळ, रिव्हर्स. नाव ऐकताच हात तिथे गेला पाहिजे, चाचपडत नाही, सरळ. एखाद्या दांड्याशी हात अडखळला, तर चालकाने दोन दिवस बसून सवय करायची की दांडाच दोन इंच जवळ आणायचा, हे चमूला ठरवावं लागतं. दांडा हलवायचा ठरला तर नवी बैठक वेल्ड होते, केबलची लांबी पुन्हा जुळवली जाते, खिळीचं भोक नव्याने पाडलं जातं आणि डोळ्यांवरची पट्टी परत बांधली जाते.